रकान्यातली खूण आणि खाटेशेजारचे काम

आत्याच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर मी इंदूरच्या एका रुग्णालयात पाच रात्री काढल्या. खाटेच्या पायथ्याशी हात निर्जंतुक करण्याच्या द्रावाची बाटली अडकवलेली होती. दुसऱ्या दिवसापासून ती रिकामी होती, पण शेजारच्या तक्त्यावर तिन्ही पाळ्यांच्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या खुणा मात्र न चुकता होत्या. रात्री सगळा वॉर्ड दोन सिस्टर सांभाळत होत्या. त्यांना बोल लावणे मला अन्यायाचे वाटते.

रुग्णालयांतल्या गुणवत्ता सुधारणेची खरी अडचण त्या तक्त्यात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या शस्त्रक्रिया तपासणीसूचीचा आठ शहरांतला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या शहरांत दिल्लीही होती. सूची वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात मात्र ती सक्तीची झाल्यावर १०१ रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. कागदोपत्री तर सूचीचे पालन जवळजवळ सगळीकडे होत होते.

याहून बोलका प्रयोग उत्तर प्रदेशातला आहे. तिथल्या १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत सुरक्षित प्रसूतीची सूची दिली गेली आणि आठ महिने प्रशिक्षक ठरावीक दिवशी येऊन सिस्टरांच्या शेजारी उभे राहिले. दोन महिन्यांनी त्या केंद्रांत आवश्यक कामांपैकी सरासरी ७३ टक्के कामे होत होती, तर इतर केंद्रांत ४२ टक्के. प्रशिक्षकांच्या फेऱ्या संपल्यानंतर, बाराव्या महिन्यात, हेच आकडे ६२ आणि ४४ झाले. आणि दीड लाखांहून अधिक बाळंतपणे मोजूनही माता व नवजातांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. हात धुण्याची आठवण सूची करून देते, पण रक्ताची पिशवी, नवजाताला श्वास देण्याचा सराव किंवा मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचवणारी गाडी ती देऊ शकत नाही. माझ्या मते, कार्यक्रम आखणारे नेमके इथेच कमी पडतात, कारण प्रशिक्षणाचा दिवस मोजता येतो आणि रोजची व्यवस्था मोजायला अवघड जाते.

इंदूरकरांना हे वेगळे समजावायला नको. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पुढे राहिलो, त्यात रोज सकाळी दारात येणाऱ्या कचरागाडीचा वाटा मोठा आहे. केवळ पाहणीच्या आठवड्यात झाडून ते साधले नसते.

शेवटच्या रात्री मी सिस्टरना बाटलीबद्दल विचारले. त्यांनी इंडेंट, म्हणजे भांडारातून सामान मागवण्याचा अर्ज, पहिल्याच दिवशी भरले होते. त्यावर सही करणारे अधिकारी रजेवर होते आणि दुसऱ्या कोणाला तो अधिकार दिलेला नव्हता.