सशाची वैरण: गवताकडून पुन्हा गवताकडे

आम्ही ससा आणला तेव्हा दुकानदाराने रंगीबेरंगी दाण्यांची एक पिशवी हातात ठेवली आणि ‘अधूनमधून गाजर द्या’ म्हणून सांगितलं. दीड वर्षाने सशाने खाणं सोडलं. दाढेला टोक येऊन ते जिभेत रुतत होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “गवत किती खातो?” तोवर वाळलं गवत म्हणजे पिंजऱ्यात अंथरायची वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सशाच्या खाण्यातून गवत नेमकं कधी गेलं, हे शोधायला लागलो ते तेव्हापासून.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्या माळावर उड्या मारत जातो तो ससा आणि घरात पाळतो तो ससा, दोन्ही वेगळे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळं करून राहणारा. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून गल्लत होते. रोमन लोक भिंतीच्या आवारात ससे ठेवत. इंग्लंडमध्ये हा ससा नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या सुमारास नेला, आणि पुढे कित्येक शतकं तो तिथल्या जमीनदारांच्या राखीव माळांवर वाढला. उन्हाळ्यात तो स्वतः चरायचा, हिवाळ्यात राखणदार त्याला वाळलं गवत आणि झाडांच्या फांद्या टाकायचे. (इसवी सन 600 च्या सुमारास पोपने सशाची पिलं उपवासाला चालतील असं ठरवलं आणि त्यामुळे मठांमध्ये ससा माणसाळला, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तिचा माग काढला, तर पोपचा तसा आदेशच सापडला नाही.)

हे सगळं मांसासाठी आणि कातडीसाठी चाललं होतं. तरी गवत होतं, कारण ते स्वस्त होतं. ते मागे पडलं विसाव्या शतकात. 1928 मध्ये अमेरिकन सरकारने कॅलिफोर्नियातल्या फॉन्टाना इथे सशांसाठी प्रयोग केंद्र काढलं. ससेपालन हा धंदा झाला होता आणि धंद्याला गवताचे भारे परवडत नाहीत. जागा अडते, धूळ होते, अर्धं गवत पायदळी जातं. मग लसूणघास दळून, धान्य घालून, दाबून पेलेट, म्हणजे छोट्या कांड्या, केली. एका डब्यात सगळा आहार. ससा आठ-बारा आठवड्यांत विक्रीच्या वजनाला यायचा. पेलेट वाईट नव्हतीच, ज्या कामासाठी केली ते काम ती चोख करत होती. पण बारा आठवड्यांत कापल्या जाणाऱ्या सशाच्या दाढा पाचव्या वर्षी कशा असतील, हे बघायची वेळ कोणावर आलीच नाही.

ती वेळ आली ससा दिवाणखान्यात राहायला लागल्यावर. 1988 मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. आता ससा आठ-दहा वर्षं जगणार होता. वाढत्या पिलासाठी केलेली लसूणघासाची पेलेट मोठ्या सशाला भरपेट दिली की तो सुटायचा. शिवाय लसूणघासात कॅल्शियम भरपूर. ससा जादाचं कॅल्शियम लघवीतून टाकतो, त्यामुळे लघवी चुन्यासारखी पांढरी आणि घट्ट होते, खडेही होतात.

ब्रिटनमध्ये गंमत उलटी. तिथे दुकानात मिळायचं ते धान्य, वाटाण्याचे पोहे आणि पेलेट असं मिश्रण, म्हणजे आमच्या पिशवीचीच थोरली बहीण. ससा त्यातलं गोड-पिठूळ तेवढं वेचून खायचा आणि क्षार असलेल्या पेलेट तशाच ठेवायचा. फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन या पशुवैद्य बाईंनी 1996 मध्ये मांडलं की अशाने कॅल्शियम कमी पडतं, जबड्याचं हाड ठिसूळ होतं आणि दात जागा सोडतात. इतरांचं म्हणणं, दात झिजतच नाहीत, हे खरं कारण. एडिंबरामध्ये 32 डच सशांवर सतरा महिने चार प्रकारचे आहार करून पाहिले. नुसतं मिश्रण खाणाऱ्यांच्या खालच्या पहिल्या दाढा नऊ महिन्यांतच लांबलेल्या दिसल्या, आणि पुढे त्यांच्यातल्या तिघांना दातांचं दुखणं लागलं. गवत भरपूर मिळणाऱ्या गटांच्या दाढा त्या मानाने जागेवर होत्या, सोबत पेलेट असो वा नसो. कारण काहीही माना, औषध एकच निघालं.

ससा गवताची काडी खाताना एकदा जवळून बघा. पुढच्या दातांनी काडी तोडतो, मग ती आत ओढत जबडा आडवा, जात्यासारखा फिरवतो. दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. दाणा दोन चाव्यांत फुटतो, तिथे दळण होतच नाही. आतड्यात गवताचा लांब धागा पुढे सरकून कोरड्या लेंड्या होतात, बारीक भाग मागे वळून अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या मोठ्या पिशवीत, आंबतो आणि मऊ गोळ्या होऊन बाहेर येतो. त्या ससा थेट गुदद्वारापाशी तोंड लावून खातो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने 1882 मध्येच हे लिहून ठेवलं होतं. लांब धागाच मिळाला नाही तर आतडं मंदावतं, थांबतंही.

मग टिमोथी गवताचा बोलबाला झाला. अठराव्या शतकात त्याचा प्रसार करणाऱ्या टिमोथी हॅन्सन या अमेरिकन शेतकऱ्याचं नाव त्याला चिकटलं. ते थंड हवेचं पीक, त्यामुळे आपल्याकडे पाकिटातून येतं आणि तसं महाग पडतं. आपल्याकडे वैरणीला शब्द भरपूर आहेत. कडबा, सरमाड, पेंढा, भुसा. पण हे सगळं धान्य काढून उरलेलं. डोंगरावरचं गवतही आपण बहुधा दसऱ्यानंतर, उभं वाळून पिवळं पडल्यावर कापतो. फुलोऱ्यात, हिरवं असताना कापून वाळवलेल्या गवताला वेगळा शब्द नाही, आणि सशाला हवं असतं ते हेच.

यंदा ओळखीच्या शेतकऱ्याकडून बांधावरचं मारवेल सप्टेंबरअखेर, उघडीप बघून कापून घेतलं आणि गच्चीवर वाळवलं. आधी कुसळी वेचून काढली, तिची टोकं तोंडात रुततात. भारा सोडला की अजून हिरवट वास येतो. ससा आधी तुरे खातो, मग पानं, आणि जाड काड्या रात्रीसाठी ठेवतो. अंधारात त्याचं जातं चालू असतं.