स्पीकर-हेडफोन दुकानात आणण्याआधी घरी एवढं बघा

स्पीकर बंद पडला म्हणून मंडळी लोकलच्या गर्दीतून तो ग्रँट रोडपर्यंत आणतात आणि आमच्या काउंटरवर लावला की तो खणखणीत वाजतो. तुमची खेप फुकट जाते. म्हणून हा कागद.

आधी एवढंच ठरवा: बिघाड कॉम्प्युटरचा की स्पीकरचा? तोच स्पीकर दुसऱ्या लॅपटॉपला लावा, मग आपल्या कॉम्प्युटरला दुसरा हेडफोन लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं उपटून पुन्हा जोडलं आणि आवाज आला, तर कशामुळे आला ते कळत नाही.

दुसरीकडे नीट वाजतोय? मग बहुधा खर्च नाही. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग उघडा आणि आउटपुटला कोणाचं नाव आहे ते वाचा. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा आवाज तिकडे पाठवतं आणि मॉनिटरला मुळात स्पीकरच नसतो. डेस्कटॉपच्या मागे सहसा हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा, फिकट निळा लाइन-इनचा, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायचा. टेबलाखाली वाकून अंदाजाने पिन खुपसू नका, टॉर्च लावा. टेबलावरच्या छोट्या स्पीकरना बऱ्याचदा दोन वायरी असतात: यूएसबीतून फक्त वीज येते, आवाज गोल पिनेतून. दिवा लागला म्हणजे आवाज येणारच असं नाही.

आता एक तक्रार, जी ऐकून नवीन माणूस गोंधळतो: ‘म्युझिक येतं, पण गायकाचा आवाज गायब!’ हेडफोनच्या पिनेचं टोक डाव्या कानाचं, त्यामागचं कडं उजव्याचं आणि ग्राउंडची, म्हणजे परतीची वायर दोघांत सामाईक. ती तुटली किंवा पिन अर्धवट बसली की दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो. पिन शेवटपर्यंत दाबा. तरी तसंच राहिलं तर पिनेच्या बुडाशी वायर हळूच वाकवा. गायक येत-जात असेल तर वायर तिथेच तुटली आहे. डब्यातल्या रेटारेटीत हिसका बसतो तो नेमका तिथे. चांगल्या हेडफोनची पिन आम्ही बदलून देतो. स्वस्तातल्या इअरफोनवर मात्र मजुरी घालवू नका, तेवढ्यात नवा येईल.

एकाच कानात आवाज कमी वाटतो? सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स बघा, मग हेडफोन उलटा घाला. आवाज त्याच कानाला कमी येत राहिला, तर आमच्याकडे नको, कानाच्या डॉक्टरांकडे जा. गंमत नाही, खरंच.

स्पीकरमधून सतत ‘घुंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुरघुर थांबली तर स्पीकर निर्दोष आहे. चार्जर बदलून बघा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला सांगा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून तो दोन पिनांचा करायचा उद्योग कृपया करू नका.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणी छान, पण मीटिंगमध्ये आवाज फोनवरच्यासारखा चपटा? त्याचा माइक सुरू झाला की बऱ्याच हेडफोनचा दर्जा आपोआप उतरतो. लॅपटॉपचा माइक निवडा, फरक लगेच कळेल.

नेटवर 20 ते 20,000 हर्ट्झचे चाचणीचे सूर मिळतात. ते लावताना व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा. वय वाढलं की वरचे सूर ऐकू येत नाहीत आणि छोटे स्पीकर अगदी खालचे काढूच शकत नाहीत. त्यासाठी घाबरून येऊ नका. ठरावीक सुराला काही थरथरलं तर आधी टेबलावरचा पेनस्टँड उचला. तरी थरथर राहिली तर स्पीकरचा आवाज काढणारा पडदा फाटलेला असू शकतो.

आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेने जॅक आणि व्हॉल्यूमची बटणं लवकर खराब होतात. बटण फिरवताना खरखर आली तर स्पीकर बंद करून ते दोन्ही टोकांपर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. बऱ्याचदा काही दिवस निभावतं. गणपतीत आरतीला स्पीकर लागणार असेल तर श्रावणातच आणून द्या, आदल्या संध्याकाळी आमचाही नाइलाज असतो.

वीजजोडणीचा स्पीकर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. दुकानात येताना ॲडॅप्टर आणि वायरी सोबत आणा आणि वरचं काय काय करून पाहिलं ते सांगा.