अपार्टमेंटच्या सभेचं प्रोसिडिंग: ठरावाची प्रत परत का येते?

नवं मंडळ निवडून आलं की पहिलं काम असतं बँकेत सह्या बदलण्याचं, आणि घोडं तिथंच अडतं. सोलापुरात विजापूर रोडवरच्या चोवीस फ्लॅटच्या एका अपार्टमेंटचे सचिव गेल्या उन्हाळ्यात याच कामासाठी तीनदा बँकेत गेले आणि तीनदा हात हलवत परत आले. मग प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, वही घेऊन माझ्याकडे आले. त्या सभेखाली एवढंच लिहिलं होतं: "नवीन कार्यकारिणीबाबत चर्चा झाली. सर्वांचे एकमत झाले." निवड कोणाची झाली, नाव कोणी सुचवलं, हजर किती होते, कशाचाच पत्ता नाही. बँक ठरावाची प्रत मागत होती आणि वहीत ठरावच नव्हता.

आधी एक गोष्ट तपासा: तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट? बोलताना आपण दोन्हीला सोसायटीच म्हणतो, पण कायदे वेगळे आहेत. गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते; तिच्या वार्षिक सभेला चौदा दिवस, समितीच्या सभेला तीन दिवस, असे नोटिशीचे आकडे आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, दिलेले असतात. अपार्टमेंट चालतं महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट, १९७० प्रमाणे. तिथं नोटीस किती दिवसांची, कोरम (किमान हजेरी) किती, प्रॉक्सी (गैरहजर मालकाच्या वतीनं दुसऱ्यानं मत देणं) चालते का, हे सगळं तुमच्या डिक्लेरेशन डीडला, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्राला, जोडलेल्या उपविधीत असतं. शेजारच्या सोसायटीची नोटीस उतरवून काढलेली सभा म्हणूनच अडचणीत येते.

आणि हेच डिक्लेरेशन कोणाकडे नसतं. बिल्डरनं ते नोंदवलं, एक प्रत पहिल्या अध्यक्षांकडे गेली, ते फ्लॅट विकून गेले, कागद गेला. घाबरू नका. स्वतःच्या फ्लॅटचं अपार्टमेंट डीड, म्हणजे मालकीचा नोंदणीकृत दस्त, काढा. डिक्लेरेशन कधी झालं आणि कोणत्या क्रमांकानं नोंदलं, हे त्यात लिहावंच लागतं, कायद्यातच तशी तरतूद आहे. तो क्रमांक आणि वर्ष घेऊन ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथं नकलेचा अर्ज करा. 'क्रमांक आणा' एवढं सांगून खिडकीवरून माणसाला परत पाठवतात. तो क्रमांक त्याच्याच घरच्या कपाटात आहे, हे सांगायला किती वेळ लागतो? नक्कल हातात आली की दोन झेरॉक्स काढा आणि एक प्रोसिडिंग बुकाच्या आतच ठेवा.

मतमोजणीत तर जवळजवळ सगळेच चुकतात. अपार्टमेंटधारकांच्या सभेत हात मोजून चालत नाही. या कायद्यात बहुमत म्हणजे डिक्लेरेशनमध्ये प्रत्येक फ्लॅटला दिलेल्या मतांच्या टक्क्यांपैकी ५१ टक्के किंवा अधिक. वर सांगितलेल्या अपार्टमेंटनं सभा नव्यानं घेतली तेव्हा चोवीसपैकी तेरा हात वर झाले आणि टाळ्याही वाजल्या. डिक्लेरेशन उघडून बेरीज केली तर ४८ टक्केच भरले, कारण तळमजल्यावरच्या मोठ्या फ्लॅटचे मालक आलेच नव्हते. सभा तहकूब करावी लागली. पुढच्या वेळी पुण्यातल्या दोन मालकांची प्रॉक्सी पत्रं आली, त्यांच्या उपविधीत ती चालत होती, आणि मग ठराव झाला. हजेरीच्या तक्त्यात सहीच्या शेजारी टक्क्यांचा रकाना आधीच आखून ठेवा. मंडळाच्या सभेचा कोरम वेगळा असतो. दोन्ही सभांची वही वेगळी ठेवली तर घोळ होत नाही.

सूचक-अनुमोदक कोण, हेही पाहा. आपल्या सोलापुरात घरोघरी हेच आहे: मुलगा पुण्याला नोकरीला, फ्लॅट त्याच्या नावावर, सभेला येतात वडील. किंवा फ्लॅट बाईंच्या नावावर आणि सही यजमानांची. वडीलधारी माणसं आहेत, त्यांना सभेत जरूर बसवा, त्यांचं ऐका. पण डीडवर नाव नसेल तर सूचक म्हणून त्यांचं नाव घालू नका. नंतर एखादा नाराज सभासद तेवढ्यावर ठरावाला हरकत घेतो.

ठराव कसा लिहावा? मंडळाच्या सभेचं उदाहरण घेऊ. समजा बोअरची मोटार जळाली. "मोटारीबाबत चर्चा झाली" असं लिहून भागत नाही. असं लिहा: "ठराव क्र. ३: बोअरवेलची सबमर्सिबल मोटार जळाल्याने नवीन मोटार बसवावी. आलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी, रु. ३८,००० चे दरपत्रक मंजूर करण्यात येत आहे. खर्च देखभाल निधीतून करावा. सूचक: फ्लॅट क्र. ७. अनुमोदक: फ्लॅट क्र. १२. बाजूने ५, विरोधात १. ठराव बहुमताने मंजूर." फ्लॅट क्रमांकाबरोबर पूर्ण नावही हवं. जो विरोधात आहे त्याचं नाव आणि कारण त्याच्या शब्दांत लिहा; भांडण नको म्हणून "सर्वानुमते" लिहू नका. उद्या खर्चावर वाद झाला तर त्या सभासदाला आणि तुम्हालाही तीच ओळ उपयोगी पडेल. कोण कोणाला काय बोललं, ते मात्र वहीत नको.

पैशाचा विषय "ऐनवेळचे विषय" खाली घेऊ नका. नोटिशीत नसलेल्या विषयावर खर्च मंजूर केला की गैरहजर सभासद हरकत घेतात आणि त्यांचं चूक नसतं. नोटिशीचे दिवस मोजताना नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मोजा. जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर सभाच ठेवू नका, कोरम होणार नाही.

तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण, मागील इतिवृत्त कायम केल्याची नोंद, हे नेहमीचं आहेच. कायद्यानं ही वही ठेवण्याची जबाबदारी सचिवावर आहे, तेव्हा दुसऱ्याला लिहायला दिलं तरी वाचून सही करा. पानांवर आधीच क्रमांक टाका. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर लावलेलं पान बघितलं की समोरचा माणूस पुढचं वाचतच नाही.

बँकेत साधारणपणे लागतं: लेटरहेडवर ठरावाची सत्यप्रत, त्यावर अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का, नव्या सह्या करणाऱ्यांचे पॅन, आधार, फोटो, आणि डिक्लेरेशनची प्रत. मूळ वही सोबत न्या, पण काउंटरवर ठेवून येऊ नका. कागद परत केले तर सगळ्या त्रुटी एकदाच लेखी द्या म्हणून सांगा. एका फेरीला एकच चूक दाखवणं हा उन्हातान्हात आलेल्या माणसावर अन्याय आहे.

जुन्या सभेचं लिहायचं राहून गेलं असेल तर मागची तारीख टाकून लिहू नका. रीतसर नोटीस काढून नवी सभा घ्या, विषय पुन्हा मांडा आणि त्याच दिवशी, माणसं उठायच्या आत, ठराव वाचून दाखवून सह्या घ्या.