भीमेचा पूर वेगळा आणि सीनेचा वेगळा: सोलापूरच्या पूररेषांमागची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी लांबोटीच्या पुलापर्यंत चढलं, पुणे हायवे बंद पडला, माढ्याकडं दारफळ, उंदरगाव पाण्यात गेलं, तेव्हा जो तो एकच विचारत होता की सीनेला एवढं पाणी आलंच कसं. कारण सोलापूर जिल्ह्यात पूर म्हटलं की डोक्यात येते भीमा. उजनी किती टक्के, दौंडचा विसर्ग किती, वीरमधून नीरेत किती सोडलं, नरसिंहपूरच्या संगमावर दोन्ही मिळून किती क्युसेक झाले, हे आकडे पंढरपूरच्या लोकांना पाठ असतात. सीनेच्या बाबतीत तशी सवयच नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन नद्यांची जात वेगळी आहे, आणि नदीकाठचं प्लॅनिंग करताना आधी ती जात बघायला पाहिजे, नकाशावर पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ती हद्द, मारायचं काम त्याच्या नंतरचं.

भीमा ही डोंगरातून पाणी घेऊन येणारी नदी. भीमाशंकरला सह्याद्रीत उगम, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आपल्या सोलापुरात सहाशे-सातशे मिळाले तरी लोक खूश. उगम समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर, पण उजनीपर्यंत येईस्तोवर नदी पाचशेच्या आसपास आलेली असते, आणि त्यातला बराचसा उतार पहिल्या थोड्या मैलांतच संपतो. मग भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा घाटातूनच आलेल्या नद्या एकेक करून मिळतात. म्हणजे पाऊस पडतो मावळात, जुन्नर-आंबेगावात, आणि पूर येतो पंढरपुरात, कधीकधी इथं कडक ऊन असताना. हा पूर सांगून येतो, वाटेत धरणं आहेत, मोजमाप आहे, लोकांना हलवायला वेळ मिळतो. १९८० मध्ये उजनी पूर्ण झाल्यावर तर काठावरच्या लोकांना वाटायला लागलं की आता धरणवाले बघतील, आणि हळूहळू वस्त्या आणि ऊस दोन्ही पात्राच्या जवळ सरकले.

सीनेचं तसं नाही. ती उगम पावते नगरकडं, पर्जन्यछायेत, मागे सह्याद्रीचा पाऊस नाही, म्हणून वर्षातले कितीतरी महिने पात्र कोरडं. पण परतीचा पाऊस नगर, बीड, धाराशिव पट्ट्यात एकाच वेळी कोसळला, सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं एकदम भरून वाहायला लागली, की पाणी थेट येतं, मध्ये उजनीएवढं मोठं काही नाही. ऑक्टोबर २०२० ला पण बंगालच्या उपसागरातून आलेलं कमी दाबाचं क्षेत्र आपल्याच डोक्यावरून गेलं होतं, तेव्हा पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली, ती पण घाटमाथ्याच्या पावसानं नाही तर इथल्याच पावसात.

आता हे मोजायचं शास्त्र आलं कुठून ते बघू. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं पुण्याजवळ पाण्याच्या अभ्यासाचं छोटं केंद्र सुरू केलं, तेच आज खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. तिथल्या क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरच्या नावाचं सूत्र अजून आपल्याकडं वापरतात, पाणलोट किती मोठा आहे त्यावरून जास्तीत जास्त पूर किती येईल ते काढायचं. पण ते बसवलंय पश्चिम घाटातल्या नद्यांवर! डोंगरी, पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटात सगळ्या ओढ्यांचं पाणी जवळपास एकाच वेळी खाली येतं. तेच सूत्र सीनेसारख्या सपाट, कमी पावसाच्या नदीला जसंच्या तसं लावलं तर उत्तर बरोबर येईलच असं नाही, तिथं प्रत्यक्ष मोजलेले आकडेच लागतात.

दुसरं म्हणजे १८८९ मध्ये आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंगनी मांडलेलं सूत्र, पाण्याचा वेग खोली, उतार आणि पात्राचा खरबरीतपणा यावर ठरतो. पूररेषा काढणारं आजचं सॉफ्टवेअरही यावरच चालतं, आणि सीनेसाठी मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उतार कमी, पात्रात वेड्या बाभळीचं रान, कोल्हापुरी बंधाऱ्यांचे अडथळे, काठाला मातीचे भराव. खरबरीतपणा दुप्पट झाला की वेग निम्मा, मग तेवढंच पाणी पुढं जायला पातळी चढणारच. वीस वर्षांपूर्वीचं पात्राचं मोजमाप घेऊन आज रेषा मारली तर ती चुकीच्याच जागी पडणार. वाळू उपशानं भीमेचं पात्र खाली गेलंय, काठ ढासळतायत, तिथं पण हेच.

प्लॅनिंगचा विचार मात्र उशिरा आला. अमेरिकेत गिल्बर्ट व्हाइट नावाच्या भूगोलतज्ज्ञानं १९४५ सालीच मांडलं होतं की पूर निसर्गाचा, नुकसान बहुतेक माणसानं ओढवून घेतलेलं. आपल्या केंद्र सरकारनं पूरक्षेत्राचा नमुना कायदा राज्यांना पाठवला १९७५ मध्ये, मणिपूरनं १९७८ ला आणि राजस्थाननं १९९० ला कायदा केला, महाराष्ट्रात १९६१ चं पानशेत होऊन गेलेलं असून सुद्धा काम परिपत्रकांवरच चाललं. १९८९ च्या परिपत्रकातून निळी आणि लाल रेषा आली, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटींवर.

इथं लोकांची मोठी गफलत होते. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी असं नाही, दरवर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांचं होम लोन घेऊन लाल रेषेवर घर बांधलं तर कर्ज फिटेपर्यंत पाणी यायची शक्यता साधारण चारात एक, आणि निळ्या रेषेवर बांधलं तर सत्तर टक्क्यांच्या वर.

आणि हे टक्के सुद्धा मागची नोंद किती वर्षांची आणि कशी ठेवलीय त्यावर अवलंबून. भीमेवर टाकळीला, सीनेवर वडकबाळला केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत, २०२५ चा पूर धरून त्यांचे आकडे नव्यानं मांडायला पाहिजेत, जुन्या नकाशावर नवीन रंग देऊन उपयोग नाही. खाली हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, भीमा फुगलेली असली तर सीनेचं पाणी पुढं न जाता मागं तुंबतं, म्हणून वडकबाळच्या खालची रेषा काढताना भीमेची पातळी किती धरली हे त्या नकाशावरच लिहिलेलं असायला पाहिजे, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला निदान विचारता तरी येईल.