दम कोंडत नाही, म्हणून कळत नाही

बंद टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध पडला आणि त्याला काढायला गेलेले दोघेही दगावले, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ‘गुदमरून मृत्यू’ हे शब्द तिच्यात ठरलेले असतात आणि नेमके तेच दिशाभूल करतात.

जीव घुसमटल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. ऑक्सिजन घटल्याची वर्दी शरीर फार क्षीणपणे देते. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे तगमग होतच नाही. खरी गंमत (की क्रूरता?) पुढे आहे. फुप्फुसाकडे परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब (म्हणजे मिश्रणातल्या त्या एका वायूच्या वाट्याचा दाब) पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटर इतका असतो, तर वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, तो १०० च्या आसपास असतो. म्हणून ऑक्सिजन रक्तात शिरतो. मोजक्या श्वासांत वायुकोश नायट्रोजनने धुतले गेले आणि तिथला दाब ४० च्या खाली उतरला, की ऑक्सिजन उलट रक्तातून निघून उच्छ्वासावाटे टाकीत जातो. म्हणजे अशा ठिकाणी श्वास रोखणाऱ्यापेक्षा श्वास घेणारा आधी कोसळतो, तोही काही सेकंदांत.

नायट्रोजन कोणी सोडलेला असावा लागतो, असेही नाही. दीर्घकाळ बंद असलेल्या लोखंडी टाकीत ओल असेल, तर भिंतींवरचा गंजच हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. ‘ती टाकी बळी मागते’ अशी कुजबूज जिच्याबद्दल चालते, तिचे गूढ पुष्कळदा इतकेच असते. तोंडाला ओला रुमाल बांधणे, हीसुद्धा अंधश्रद्धाच. रुमाल ऑक्सिजन निर्माण करत नाही आणि वायू गाळणारा साधा मुखवटाही करत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. म्हणूनच आपत्कालीन योजनेचा पहिला नियम असा, की बाहेरच्या राखणदाराने कोणत्याही परिस्थितीत आत उतरायचे नाही. आत जाणाऱ्याच्या अंगावर आधीपासूनच पट्टा आणि दोर हवा, टाकीच्या तोंडावर तीन पायांची घोडी व दोर गुंडाळणारा हातरहाट हवा, म्हणजे त्याला बाहेरूनच ओढून घेता येते. उतरण्यापूर्वी वर, मध्ये आणि तळाशी वायुमापकाने हवा तपासायची; ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी भरला, तर काम थांबवायचे. दोराने ओढणे अशक्य असेल, तरच हवेचा सिलिंडर बांधलेले प्रशिक्षित पथक आत जाते. मेंदू ऑक्सिजनविना जेमतेम चार-पाच मिनिटे तग धरत असल्याने हे पथक जवळच सज्ज असावे लागते, आणि सिलिंडरसकट माणूस टाकीच्या तोंडातून आत मावतो का, हे सरावाच्या दिवशीच पाहून ठेवावे लागते.