आधी चाचणी, मग नियम : उपग्रहविरोधी शस्त्रांची पार्श्वभूमी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात लोकांना आकाशातून जळते तुकडे रांगेने जाताना दिसले. काही वेळाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडलेले सापडले. व्यास दोन-तीन मीटर, वजन ४० किलोच्या वर. पुढे आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही मिळाले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा जाणकारांचा निष्कर्ष होता.

सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. झाली असती तर भरपाईचा कायदा तयार होता. १९७२ च्या दायित्व करारानुसार अंतराळातली वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले, तर ती सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही, भरपाई द्यावीच लागते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. असा तुकडा वर, कक्षेत, दुसऱ्या देशाच्या उपग्रहावर आदळला तर मात्र त्याच करारानुसार चूक सिद्ध करावी लागते. दहा सेंटिमीटरचा तुकडा कोणाचा, कोणत्या स्फोटातला आणि त्यात हलगर्जी कोणाची, हे वर सिद्ध करायचे कसे? उपग्रहविरोधी शस्त्रांवरची साठ वर्षांची मुत्सद्देगिरी अशाच फटींमधून चालली आहे.

सुरुवात स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या पाठोपाठच झाली. स्पुटनिक वर गेला ४ ऑक्टोबर १९५७ ला. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९५९ मध्ये, अमेरिकेने बी-४७ विमानातून बोल्ड ओरायन क्षेपणास्त्र सोडून ते आपल्याच एक्सप्लोरर-६ उपग्रहाच्या सुमारे साडेसहा किलोमीटर जवळून नेले. आज हे अंतर हास्यास्पद वाटेल, पण तेव्हाचे गणित अण्वस्त्राचे होते. अण्वस्त्राला नेम अचूक असावा लागत नाही.

त्या गणिताची किंमत ९ जुलै १९६२ ला कळली. प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेने १.४ मेगाटनचा स्टारफिश प्राइम स्फोट केला. सुमारे १,४५० किलोमीटरवरच्या होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे विझले. खरे नुकसान पुढच्या महिन्यांत उलगडले. स्फोटातले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि त्या पट्ट्यातून जाणाऱ्या उपग्रहांचे सौरपट्टे व ट्रान्झिस्टर हळूहळू निकामी होऊ लागले. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी सोडलेला टेलस्टार हा दळणवळण उपग्रह फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा गप्प झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ यालाही फटका बसला. अंतराळात अणुस्फोट करणारा स्वतःचे उपग्रह वाचवू शकत नाही, एवढे दोन्ही महासत्तांना उमगले. वातावरणात, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या बंद करणारा करार ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत झाला. नियमाआधी चाचणी, हा क्रम इथून सुरू झाला.

२७ जानेवारी १९६७ ला अंतराळ करार सह्यांसाठी खुला झाला. त्याचे चौथे कलम नीट वाचावे. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रे किंवा सामूहिक संहाराची अन्य शस्त्रे ठेवायची नाहीत, कक्षेबद्दल ते इतकेच म्हणते. कक्षेतल्या साध्या, म्हणजे अण्वस्त्र नसलेल्या शस्त्रांबद्दल काही नाही. जमिनीवरून सोडून उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्राबद्दलही काही नाही. हे नजरचुकीने राहिले असे समजू नये. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे अंतराळातून जातात, हेरगिरीचे उपग्रह तिथे फिरतात, आणि दोन्ही गोष्टी दोन्ही बाजूंना हव्या होत्या. करारात तेवढेच आले जेवढ्याची कोणालाच गरज नव्हती.

मोकळ्या राहिलेल्या जागेत सोव्हिएत संघाने १९६८ पासून ‘उपग्रहनाशक’ आजमावला. तो लक्ष्याच्याच कक्षेत सोडायचा, एक-दोन प्रदक्षिणांत जवळ न्यायचा आणि स्फोट करून छर्ऱ्यांनी लक्ष्य फोडायचे. १९८२ पर्यंत अशा सुमारे वीस चाचण्या झाल्या. मधल्या काळात एक नियम मागच्या दाराने आला. १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारात दोन्ही देशांनी एकमेकांच्या पडताळणीच्या ‘राष्ट्रीय तांत्रिक साधनां’मध्ये अडथळा न आणण्याचे मान्य केले. मुत्सद्द्यांच्या भाषेत याचा अर्थ हेर उपग्रह. हा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. १९७८-७९ मध्ये दोघांत उपग्रहविरोधी शस्त्रांवर थेट बोलणी झाली, तीन फेऱ्या झाल्या, आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यावर तो विषय मिटला. १९८३ मध्ये सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांनी एकतर्फी चाचणीबंदी जाहीर केली. ती करताना सोव्हिएत शस्त्र तयार होते आणि अमेरिकेचे नवे शस्त्र अजून चाचणीला यायचे होते, हे विसरून चालणार नाही.

ते आले १३ सप्टेंबर १९८५ ला. एफ-१५ लढाऊ विमानाने जवळजवळ उभी चढण घेतली आणि सोडलेल्या क्षेपणास्त्राने ५५५ किलोमीटरवरचा सोलविंड हा उपग्रह नुसत्या धडकेने फोडला. सोलविंड तेव्हा पूर्ण मेलेला नव्हता, सूर्याचे निरीक्षण करणारे शास्त्रज्ञ त्याच्याकडून माहिती घेत होते आणि साहजिकच चिडले. त्या वर्षअखेरीस अमेरिकी काँग्रेसने अंतराळातल्या लक्ष्यावर चाचणी करण्यावर बंदी घातली. सोलविंडचे २८५ तुकडे नोंदले गेले. ते सगळे खाली येऊन जळायला एकोणीस-एक वर्षे लागली.

ही मुदत उंचीवर ठरते, आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. ३०० किलोमीटरच्या खाली हवेचा विरळ थर तुकड्याला आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली ओढतो. ५०० च्या आसपास काही वर्षे लागतात. ८०० च्या वर अनेक दशके, काही तुकड्यांना शतकाहून अधिक. वेगाचा हिशेब असा: दहा किलोमीटर प्रति सेकंद सापेक्ष वेगाने आदळणाऱ्या एक किलोच्या तुकड्यात पाच कोटी जूल ऊर्जा असते, म्हणजे साधारण १२ किलो टीएनटी स्फोटकाएवढी. म्हणूनच धडक देणाऱ्या क्षेपणास्त्राला स्फोटकाची गरज उरत नाही.

११ जानेवारी २००७ ला चीनने शिचांगजवळून क्षेपणास्त्र सोडून आपलाच फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह फोडला. उंची ८६५ किलोमीटर, म्हणजे सगळ्यात वाईट जागा. तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले. त्यातले बरेच आजही दूरसंवेदन उपग्रहांच्या पट्ट्यात फिरत आहेत, आणि भारताचे अनेक दूरसंवेदन उपग्रह त्याच पट्ट्यात काम करत आले आहेत. बीजिंगने चाचणीची कबुली द्यायला जवळजवळ दोन आठवडे घेतले. वर्षभराने, फेब्रुवारी २००८ मध्ये, अमेरिकेने लेक एरी या युद्धनौकेवरून एसएम-३ क्षेपणास्त्र सोडून स्वतःचा बिघडलेला यूएसए-१९३ उपग्रह २५० किलोमीटरच्या आसपास फोडला. कारण दिले हायड्राझिन या विषारी इंधनाच्या टाकीचे. ते खोटे नसेल, पण जहाजावरचे क्षेपणास्त्रविरोधी अस्त्र थोडी आज्ञावली बदलली की उपग्रह फोडू शकते, हे सगळ्यांनी पाहिले.

गंमत अशी की त्याच महिन्यात रशिया आणि चीनने जिनिव्याच्या निःशस्त्रीकरण परिषदेत अंतराळात शस्त्रे ठेवण्यावर बंदीचा मसुदा मांडला. त्यात बंदी होती ती ‘अंतराळात ठेवलेल्या’ शस्त्रावर. जमिनीवरून सोडलेले, म्हणजे चीनने नुकतेच वापरलेले शस्त्र मसुद्याबाहेर राहिले, आणि पडताळणीची सोयही नव्हती. अमेरिकेने नेमके यावर बोट ठेवले, पण स्वतः बंधनकारक कराराला तयारी दाखवली नाही. परिषदेत ६५ सदस्य आहेत आणि निर्णय एकमताने होतो. १९९६ नंतर तिथून एकही करार बाहेर पडलेला नाही. युरोपीय संघाने सुचवलेली अंतराळातल्या वर्तनाची आचारसंहिता २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या बैठकीत बारगळली. तिथे मजकुराइतकाच, हा मसुदा कोणत्या व्यासपीठावर आणि कोणाच्या अधिकाराने, यावर वाद झाला.

भारताची बाजू समजून घ्यायला १ जानेवारी १९६७ ही तारीख लक्षात ठेवावी लागते. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने या तारखेआधी स्फोट केलेल्यांना अण्वस्त्रधारी मानले, बाकीच्यांना नाही. भारताचा पोखरण स्फोट १९७४ चा. रेषा ओढली जाण्याआधी पलीकडे पोहोचायचे, हा धडा दिल्लीत कोणी विसरलेले नाही. २०१२ मध्ये अग्नी-५ च्या चाचणीनंतर डीआरडीओचे तेव्हाचे प्रमुख व्ही. के. सारस्वत यांनी उपग्रहविरोधी शस्त्राचे घटक भारताकडे असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्ष चाचणी झाली २७ मार्च २०१९ ला. अब्दुल कलाम बेटावरून निघालेल्या क्षेपणास्त्राने ७४० किलोचा मायक्रोसॅट-आर सुमारे २८० किलोमीटरवर फोडला. हा उपग्रह दोनच महिन्यांपूर्वी पीएसएलव्ही-सी४४ रॉकेटने सोडला होता.

उंची मुद्दाम कमी निवडली होती आणि तुकडे काही आठवड्यांत खाली येतील असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले. बहुतेक आले. पण १ एप्रिलला नासाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी दहा सेंटिमीटरहून मोठे ६० तुकडे मागावर असल्याचे आणि त्यातले २४ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या वर गेल्याचे सांगितले. २८० वर फोडलेला तुकडा ४०० च्या वर कसा? त्या कक्षेत वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असतो. धडकेत एखाद्या तुकड्याला पुढच्या दिशेने सेकंदाला १०० मीटरचा जादा धक्का मिळाला, तर कक्षेचे दुसरे टोक साडेतीनशे किलोमीटरने वर जाते. २०० मीटरचा मिळाला तर त्या टोकाची उंची ९०० पार. खालचे टोक २८० वरच राहते, म्हणून प्रत्येक फेरीत थोडी थोडी हवा लागून तो उतरतो, पण आठवड्यांत नाही. काही तुकडे वर्षाहून जास्त काळ वर राहिले. ‘कमी उंचीवर, म्हणजे निर्धोक’ हा दावा एवढ्यापुरता लंगडा होता. चीनच्या चाचणीशी त्याची बरोबरी करणे मात्र चूक आहे.

१५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने १९८२ चा कॉसमॉस-१४०८ फोडला. पंधराशेहून अधिक तुकडे झाले. अंतराळ स्थानकावरच्या सात जणांना आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला आणि त्यात रशियाचे स्वतःचे अंतराळवीरही होते. पाच महिन्यांनी, १८ एप्रिल २०२२ ला, अमेरिकेने अशा विध्वंसक चाचण्या न करण्याचे एकतर्फी जाहीर केले. पुढे ३० हून अधिक देश त्यात सामील झाले. शब्द काळजीपूर्वक निवडले आहेत: ‘विध्वंसक’, ‘थेट वर जाणारे’, ‘चाचणी’. शस्त्र बाळगायला मनाई नाही, लक्ष्याच्या बाजूने क्षेपणास्त्र नेऊन चुकवायलाही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत याच आशयाचा ठराव १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. रशिया, चीन विरोधात होते. भारत तटस्थ राहिला. ऐच्छिक संयमापेक्षा बंधनकारक करार हवा, ही भारताची जुनी भूमिका. त्यामागे १ जानेवारी १९६७ ची आठवण आहेच, आणि चीन बाहेर असताना आपणच का बांधून घ्यायचे, हाही हिशेब आहे.

दरम्यान शस्त्रच बदलले. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरत असताना, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट उपग्रहसेवेचे युरोपभरातले हजारो मोडेम बंद पडले. उपग्रहाला कोणी हात लावला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यात शिरले आणि मोडेमची साठवण पुसणाऱ्या आज्ञा त्यांनी पाठवल्या. जर्मनीत एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण गेले; पाती फिरत राहिली, वीज बनत राहिली, पण दुरून लक्ष ठेवता येईना. मे महिन्यात युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिकेने यासाठी रशियाला जबाबदार धरले. तुकडे नाहीत, स्फोट नाही, त्यामुळे महासभेच्या ठरावात हे बसतच नाही.

२०२४ मध्ये चक्र पुन्हा १९६२ वर आले. रशिया अण्वस्त्रयुक्त उपग्रहविरोधी साधन विकसित करत असल्याचा आरोप अमेरिकेने केला, रशियाने तो फेटाळला. कक्षेत अण्वस्त्रे न ठेवण्याच्या बंधनाला दुजोरा देणारा अमेरिका-जपानचा ठराव २४ एप्रिलला सुरक्षा परिषदेत आला. १३ मते बाजूने, चीन तटस्थ, रशियाचा नकाराधिकार. मे महिन्यात रशियाने सर्वच शस्त्रांवर बंदीचा स्वतःचा ठराव आणला. त्याला ७ विरुद्ध ७ मते पडली, एक देश तटस्थ राहिला, आणि तोही पडला.

आता चर्चा वस्तूवरून वर्तनावर आली आहे. शस्त्र म्हणजे काय हे ठरत नाही, निदान कोणाच्या उपग्रहाजवळ न सांगता किती जवळ जायचे एवढे तरी ठरवा, असा तिचा रोख आहे. कारण दुरुस्ती करणारा यांत्रिक हात आणि मोडणारा हात दिसायला सारखेच. २०२२ च्या सुरुवातीला चीनच्या शिज्यान-२१ ने बायडू या चिनी दिशादर्शन यंत्रणेतला एक निकामी उपग्रह ओढून वरच्या स्मशानकक्षेत नेला; काम सफाईचे, कसब मात्र दोन्हीकडे चालणारे. भारताकडेही ते आता आहे. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये आधी १५ मीटर, मग ३ मीटर अंतरावर आले, पुन्हा मागे घेतले गेले आणि १६ तारखेला जोडले गेले. ते दोन्ही आपलेच होते. परक्या उपग्रहाच्या बाबतीत किती मीटरला ‘फार जवळ’ म्हणायचे, हे सांगणारा एकही बंधनकारक आकडा कोणत्याही करारात नाही.