सुपरचार्ज्ड इंजिनाचं ट्यूनिंग

सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या गाडीत तो फिरवणारी पुली, इंजेक्टर, कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट असं काहीही बदललं की ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले) इंधनाचे आणि स्पार्क टायमिंगचे (ठिणगी कधी पाडायची त्याचे) आकडे नव्या सामानाप्रमाणे परत बसवावे लागतात, त्याला ट्यूनिंग म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं ट्यूनिंग म्हणजे पॉवर काढणं. पण जादा हवा पुली बदलली तेव्हाच आत यायला लागलेली असते, ट्यूनरला बघायचं असतं ते त्या हवेने इंजिन फुटू नये हे, आणि त्यातलं बरंचसं भांडण उष्णतेशीच असतं.

टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, सुपरचार्जर थेट क्रँकशाफ्टवरच्या बेल्टने. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत ब्लोअरचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाड्याच नव्हत्या, पुढे तोच प्रकार इंजिनावर चढला. रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल हे तीन प्रकार आजही चालतात आणि ट्यून करताना आपल्याकडे कुठला आहे त्याने बराच फरक पडतो. रूट्स आणि ट्विन-स्क्रू कमी आरपीएमलाच (मिनिटाला फेरे) भरपूर बूस्ट (वातावरणापेक्षा जादा दाब) देतात, म्हणून मधल्या आरपीएमला, जिथे टॉर्क सगळ्यात जास्त असतो, तिथे डोळे उघडे ठेवायचे. सेंट्रिफ्युगलचा बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो, त्यामुळे त्याचा धोका वरच्या टोकाला.

आता उष्णता. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय धरला आणि वर ८ पीएसआय बूस्ट दिला तर हवा साधारण १.५४ पट दाबली जाते. २७ अंश सेल्सिअसची हवा अशी दाबली की ६० टक्के कार्यक्षमतेच्या रूट्समधून ती ९३ अंशांच्या आसपास बाहेर पडते, ७५ टक्क्यांचा चांगला कॉम्प्रेसर असेल तर ८० च्या आसपास. इंटरकूलर (ही हवा गार करणारा रेडिएटर) नसेल तर हीच तापलेली हवा सिलिंडरात जाणार. म्हणून ८ पीएसआय म्हणजे ८ पीएसआय, सगळीकडे सारखाच, असं समजू नका.

तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा खरा धोका म्हणजे नॉक. स्पार्क पडल्यावर ज्योत पसरत जाते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ती पोचायच्या आधीच स्वतःहून एकदम पेटतं आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. थोडा नॉक इंजिन सहन करतं, बूस्टवर सतत झाला तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं. प्री-इग्निशन वेगळं, त्यात स्पार्कच्या आधीच तापलेल्या प्लगच्या टोकाने किंवा लाल झालेल्या कार्बनने मिश्रण पेटतं आणि थोड्याच वेळात पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणूनच बूस्ट वाढवला की एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग घालतात, आणि जास्त दाबात स्पार्क विझू नये म्हणून गॅप बऱ्याचदा ०.६ ते ०.७ मिमीवर आणतात. स्वस्त काम आहे पण लोक नेमकं हेच विसरतात.

ईसीयूला लॅपटॉप लावायच्या आधी इंधन पुरणार का याचा हिशेब करायचा. चार इंजेक्टरच्या इंजिनातून पेट्रोलवर ३०० हॉर्सपॉवर काढायची आणि इंजेक्टर ८० टक्के ड्यूटीच्या (उघडे राहायच्या वेळेच्या) वर न्यायचे नाहीत असं ठरवलं तर प्रत्येकी साधारण ५९० सीसी प्रति मिनिटाचे लागतात. पंपही तेवढा पाहिजे, कारण इंजेक्टर मोठे आणि पंप जुनाच असेल तर वरच्या आरपीएमला प्रेशर पडतं आणि मिश्रण नेमकं नको तिथे लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). मॅप सेन्सरही (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बघायचा, कारण १ बारचा सेन्सर बूस्ट वाचूच शकत नाही, ईसीयूला वाटतं बाहेरच्या हवेएवढाच दाब आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करा, बेल्ट घसरत नाही ना बघा, आणि सुपरचार्जरची आरपीएम मर्यादा तपासा. क्रँक पुली १५० मिमी आणि सुपरचार्जरची ७५ मिमी असेल तर ६५०० आरपीएमला तो १३००० ने फिरतो, तीच ७० मिमीची केली की जवळजवळ १३९००.

मग वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, जो एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण सांगतो. साध्या सेन्सरला मिश्रण १४.७ च्या (एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा) रिच, म्हणजे जादा इंधनाच्या, बाजूला आहे की लीन एवढंच धड कळतं, आणि फुल बूस्टवर आपल्याला ११.५ ते १२ च्या आसपास राहायचं असतं. (इथेनॉल मिसळलेलं इंधन असेल तर हे आकडे सोडून लॅम्डामध्ये (पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे) बोललेलं बरं, साधारण ०.७८ ते ०.८२.) आधी आयडल आणि हलका लोड नीट करायचा, इंजेक्टर बदललेत म्हणजे त्यांचा डेड टाइमही (उघडायला लागणारा उशीर) बदललाय आणि तो चुकला तर आयडल कधीच सरळ येत नाही.

बूस्टमध्ये जाताना मिश्रण रिच आणि टायमिंग कमी (ठिणगी उशिरा) ठेवून सुरुवात करतात. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या इंजिनाच्या टायमिंगमधून दर पीएसआयला साधारण १ अंश काढायचा हा जुना ठोकताळा आहे, फक्त सुरुवातीपुरता. मग डायनोवर (गाडी जागेवरच चालवून टॉर्क आणि पॉवर मोजणारं यंत्र) एकेक अंश वाढवत टॉर्क बघायचा, वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, आणि पंपावरच्या पेट्रोलवर बहुतेक वेळा त्याच्या आधी नॉकच येतो, तसं झालं तर दोनेक अंश मागे. भीतीपोटी फारच मागे नेलं तरी बरं नाही, जळणं उशिरा संपतं, एक्झॉस्ट तापतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि व्हॉल्व्ह यांचे हाल होतात. मोठा ओव्हरलॅप (आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा वेळ) असलेला कॅमशाफ्ट घातला असेल तर सेन्सरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कमी आरपीएमला थोडी ताजी हवा न जळता सरळ एक्झॉस्टमध्ये जाते आणि सेन्सरला मिश्रण आहे त्याहून लीन दिसतं.

डायनोवर बॉनेट उघडं असतं, समोर मोठा पंखा असतो, दोन रनच्या मध्ये इंजिन गार होतं. रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं अडकून मग पाय दाबला तर सगळं सामान तापलेलं असतं, त्याला हीट सोक म्हणतात, आणि डायनोवर निवांत चाललेलं टायमिंग तिथे नॉक करू शकतं. म्हणून आत जाणाऱ्या हवेचं तापमान वाढलं की टायमिंग आपोआप मागे घेणारं टेबल भरलेलं हवंच, शिवाय मिश्रण लीन झालं किंवा ऑइल प्रेशर पडलं तर इंजिन आपोआप बंद करणारा फेलसेफही. नॉक सेन्सर मदतीला असतो, पण सुपरचार्जर आणि व्हॉल्व्ह यांच्या खडखडाटातून त्याला खरा नॉक वेगळा काढावा लागतो. साधारण ८६ मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) नॉकची फ्रिक्वेन्सी साडेसहा किलोहर्ट्झच्या आसपास येते, म्हणून त्याचा फिल्टर बोअर बघून लावतात आणि ट्यूनर कानाला हेडफोन लावून स्वतःही ऐकतो.